"गाणी ऐकणं बंद करायला सांगू का?" – घराच्या ओढीचा आजार आणि त्यावरचं गाणं



मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. बदलापूरचं एक जोडपं दवाखान्यात आलं. दोघांचंही बीपी मी बरीच वर्षं बघतो, पण त्या दिवशी तक्रार त्यांची नव्हती. मुलगा सप्टेंबरमध्ये जर्मनीला एम.एस. करायला गेला होता. दोन महिन्यांत त्याचं वजन सहा किलो उतरलं. झोप नाही, जेवण जात नाही, छातीत धडधड. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, ईसीजी काढला. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

आई म्हणाली, "डॉक्टर, तो रात्री कानात हेडफोन घालून आपल्या मंडळाच्या आरत्या आणि भजनं ऐकतो आणि रडत बसतो. मला फोनवर सांगतो. ती गाणी ऐकणं बंद करायला सांगू का त्याला?"

ओपीडीत गर्दी होती. मी म्हणालो, "होईल सवय. महिनाभर थांबा." ते गेले. पण रात्री घरी आल्यावर त्या माउलीचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. एक तर मी दिलेलं उत्तर हे उत्तरच नव्हतं. आणि दुसरं म्हणजे अगदी हाच प्रश्न तीनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या लष्करी अधिकाऱ्यांना पडला होता. त्यांनी त्याचं एक उत्तर दिलं. त्याच प्रश्नाचं दुसरं उत्तर माझ्या दवाखान्यापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, उल्हासनगरच्या बराकींमध्ये मिळालं होतं. आजच्या लेखात ही दोन्ही उत्तरं समजून घेऊ.

१६८८: एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने दिलेलं नाव

स्वित्झर्लंडमधल्या बासेल विद्यापीठात १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने एक प्रबंध सादर केला. वय अवघं १९. विषय होता घरापासून लांब गेलेल्या माणसांना होणारा एक आजार. लोकांच्या बोलीत त्याला शब्द होता, 'हाइमवे', म्हणजे घराचं दुखणं. वैद्यकाच्या पुस्तकात मात्र त्याला नाव नव्हतं. होफरने दोन ग्रीक शब्द जोडले: 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. त्यातून तयार झाला 'नोस्टाल्जिया'. आज जुन्या सिनेमांच्या आठवणी काढताना आपण हा शब्द सहज वापरतो, पण जन्माने तो मलेरिया किंवा टायफॉइडसारखा आजाराचं निदान सांगणारा शब्द आहे.

होफरने लिहिलेली लक्षणं वाचा: सततची उदासी, मनात घराशिवाय दुसरा विचार नाही, झोपमोड, भूक-तहान मंदावणं, अशक्तपणा, उसासे, छातीत धडधड. बदलापूरच्या मुलाची केस वाचतोय असं वाटतं.

त्याच्या प्रबंधात काही रुग्णांच्या हकिगती आहेत. बर्नचा एक तरुण बासेलला शिकायला आला आणि तिथे इतका आजारी पडला, की तो जगत नाही असं सगळ्यांनी धरलं. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी न्यायचं ठरलं, आणि वाटेतच त्याची तब्येत सुधारू लागली. दुसरी हकिगत एका शेतकरी मुलीची. ती उंचावरून पडली म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं. शुद्धीवर आल्यावर आजूबाजूला सगळी अनोळखी माणसं. तिने अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं. काहीही विचारलं की एकच उत्तर, मला घरी जायचंय. आईवडिलांनी अखेर तिला घरी नेलं आणि थोड्याच दिवसांत, औषधाशिवाय, ती बरी झाली.

म्हणून होफरचा मुख्य उपाय साधा होता: रुग्णाला घरी पाठवा. निदान घरी जायला मिळेल अशी आशा तरी द्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उल्हासनगरला पोचल्यावर तो लागणार आहे.

कारणांच्या बाबतीत मात्र त्या काळच्या विद्वानांनी बरेच तर्क लढवले. योहान शॉइख्झर या स्विस शास्त्रज्ञाचं म्हणणं असं, की उंच डोंगरावरची माणसं सखल प्रदेशात आली की तिथल्या जड हवेचा दाब त्यांच्या शरीरावर पडतो आणि त्यातून हे दुखणं येतं. आणखी कोणी म्हणालं, लहानपणापासून गायींच्या गळ्यातल्या घंटांचा खणखणाट ऐकून स्विस लोकांच्या कानाला आणि मेंदूला इजा होते. हसू नका. आज आम्ही ठामपणे सांगतो त्यातल्या काही गोष्टींवरही शंभर वर्षांनी लोक असेच हसतील.

पहिलं उत्तर: गाणं बंद करा

या आजाराचे रुग्ण सर्वांत जास्त सापडायचे ते सैनिकांत. त्या काळी स्वित्झर्लंड गरीब होता. तिथले तरुण फ्रान्स आणि इतर राजांच्या फौजांत भाडोत्री सैनिक म्हणून जात आणि वर्षानुवर्षं परक्या मुलखात राहत. आल्प्समध्ये गुराखी गायींना हाकारण्यासाठी एक चाल गातात किंवा शिंगावर वाजवतात. तिला जर्मन भाषेत 'कूराइअन' म्हणतात. १७१० साली थिओडोर त्स्विंगर या बासेलच्या डॉक्टरने होफरचा प्रबंध नव्याने छापला तेव्हा त्यात या चालीचे सूरही छापले. वैद्यकाच्या पुस्तकात एक गाणं, आणि तेसुद्धा आजाराचं कारण म्हणून!

पुढे प्रसिद्ध फ्रेंच विचारवंत रूसो याने आपल्या संगीतकोशात (१७६८) या चालीबद्दल लिहिलं. फौजेतल्या स्विस तुकड्यांत ती वाजवायला मनाई होती आणि मोडणाऱ्याला मृत्युदंडाची भीती होती, कारण ती ऐकली की सैनिक रडत, पळून जात किंवा झुरून मरत, असं तो सांगतो. यात थोडी अतिशयोक्ती असेल असं समजू. पण त्यानंतर रूसो जे म्हणतो ते आजच्या मेंदूशास्त्रालाही पटणारं आहे. या परिणामाचं कारण त्या सुरावटीत शोधू नका, तिथे ते सापडणार नाही, असं त्याचं म्हणणं. परक्या माणसावर ती चाल काहीच परिणाम करत नाही. ती आठवणीची खूण म्हणून काम करते.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. सावरकरांचं 'सागरा प्राण तळमळला' हे १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या समुद्रकिनाऱ्यावर सुचलेलं काव्य. मंगेशकर भावंडांच्या आवाजात ते लागलं की आपल्या घशात आवंढा येतो. तेच एखाद्या जर्मन माणसाला ऐकवा. त्याला चाल कदाचित आवडेल, पण रडू आपल्याला येईल. परिणामातला निम्मा भाग गाण्यात असतो आणि निम्मा ऐकणाऱ्यात साठवलेला असतो.

हा आजार पुढे बराच काळ लष्करी नोंदींत राहिला. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेकडच्या सैन्याच्या वैद्यकीय नोंदींमध्ये 'नोस्टाल्जिया' या निदानाखाली पाच हजारांवर रुग्ण आहेत आणि काही मृत्यूही आहेत. त्यातले बरेच जण आज आपण म्हणतो त्या डिप्रेशनचे, टायफॉइडचे किंवा टीबीचे असणार. हळूहळू जंतूंचा शोध लागला, निदान नेमकं होऊ लागलं आणि नोस्टाल्जिया वैद्यकाच्या पुस्तकातून बाहेर पडला.

पण पहिलं उत्तर काय होतं ते पाहा. आठवण म्हणजे धोका, गाणं म्हणजे आठवण, म्हणून गाणं बंद. बदलापूरच्या आईलाही नेमकं हेच सुचलं होतं.

आपल्याकडे हा आजार पुस्तकात नव्हता, गाण्यात होता

आपल्या समाजात घर सोडायची सक्ती सर्वांत आधी कोणावर होत असे? मुलीवर. आठ-दहा वर्षांची पोर लग्न होऊन परक्या घरी जायची. तिची भूक मेली, झोप उडाली तर वैद्याला कोण बोलावणार? तिचा उपाय पहाटे जात्यावर होता. माहेरची वाट, आई, भाऊ, पंचमीचा सण, सासूचा जाच, सगळं ओवीत यायचं. गाय पुआतवाँ आणि हेमा राइरकर यांनी पुण्याहून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर जात्यावरच्या ओव्या गोळा झाल्या. त्यांत माहेर आणि भाऊ हे विषय पुन्हा पुन्हा भेटतात.

डॉक्टर म्हणून मला यातली एक बारीक गोष्ट महत्त्वाची वाटते. जातं बऱ्याचदा दोघी मिळून ओढत. एकीने ओवी म्हणायची, दुसरीने तिला साथ द्यायची. जी साथ द्यायची तीही कोणाची तरी सासुरवाशीणच. म्हणजे दुःख तोंडाने बोलून दाखवायची मुभा नव्हती, पण गाण्यातून ते दुसऱ्या एका माणसाच्या कानावर जात होतं. सोबत हात चालत होते, श्वास लयीत येत होता.

मग पुरुष घराबाहेर पडले. कोकणातून आणि घाटावरून माणसं मुंबईच्या गिरण्यांत आली. एकेका गाळ्यात एका गावची पंचवीस-तीस माणसं पाळीपाळीने झोपायची. बायको-मुलं गावी. त्यांच्याबरोबर भजनी मंडळं आली, जाखडी आली, शक्ती-तुरा आला. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड याच विरहातून उभी राहिली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा गाजवत गेली. त्याहून लांब गेले ते मॉरिशसला. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांत मराठी माणसंही होती. आज त्यांच्या पुढच्या पिढ्यांतल्या अनेकांच्या घरात क्रिओल बोलली जाते, तरी गणपतीत तिथे 'झाकरी' नाचली जाते. ही आपलीच कोकणातली जाखडी. भाषा पुसट झाली, पण ठेका टिकला.

कल्याण कॅम्प: जिथे घरी पाठवणं शक्यच नव्हतं

आता आपल्या गावात येऊ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणच्या शेजारी माळरानावर लष्कराचा मोठा तळ उभारला गेला, हाच कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, सैनिक गेले, दोन हजारांवर बराकी रिकाम्या पडल्या. १९४७ ला फाळणी झाली. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळली आणि सिंधमधल्या हिंदूंचा लोंढा जहाजांनी मुंबईकडे निघाला. त्यातले जवळपास एक लाख लोक या बराकींमध्ये आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते इथे नव्या वसाहतीचा शिलान्यास झाला आणि उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर नाव मिळालं. पण जुने लोक अजूनही 'कॅम्प' म्हणतात. कॅम्प एक ते कॅम्प पाच. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं.

होफरचा उपाय आठवा: रुग्णाला घरी पाठवा. इथे एक लाख माणसं होती आणि एकालाही घरी पाठवता येणार नव्हतं. घरं जागेवर होती, पण मध्ये सीमा आली होती. आशा देण्याचीही सोय नव्हती. गंमत बघा, ही माणसं भारतातच होती, तरी परदेशात असल्यासारखी. भाषा वेगळी, लिपी वेगळी, जेवण वेगळं. त्यांच्या प्रांताचं नाव राष्ट्रगीतात होतं आणि प्रांत मात्र भारतात नव्हता. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात जागा मिळायला १९६७ साल उजाडलं.

त्यांच्याजवळ काय होतं? गाणं होतं, आणि त्यांच्या नशिबाने घराच्या ओढीचं जगातलं एक थोर काव्य त्यांच्याच भाषेत होतं. शाह अब्दुल लतीफ भिटाई हे सिंधचे सूफी कवी. त्यांचा जन्म १६८९ चा मानला जातो, म्हणजे होफरच्या प्रबंधानंतर एका वर्षाने. त्यांच्या 'शाह जो रिसालो' या ग्रंथात मारुईची कथा आहे. थरच्या वाळवंटातल्या या गरीब मुलीला उमर राजा पळवून उमरकोटच्या किल्ल्यात आणतो, रेशीम आणि दागिने पुढे ठेवतो. ती हात लावत नाही. अंगावरची जाडीभरडी लोई सोडत नाही, केस धूत नाही, आपल्या माणसांची आणि पहिल्या पावसाची आठवण काढत राहते. बासेलमधला विद्यार्थी ज्याला आजार म्हणाला, त्याला सिंधच्या कवीने निष्ठा म्हटलं. शाह लतीफ मुसलमान होते, पण फाळणीत सर्वस्व गमावलेल्या हिंदू सिंध्यांनी त्यांची वाणी टाकली नाही. ती सोबत आणली.

त्याबरोबर आली 'भगत'. पायात घुंगरू, अंगात पायघोळ झगा, गाणं, नाच आणि कथा असा हा रात्रभर चालणारा प्रकार, थोडासा आपल्या कीर्तनासारखा आणि थोडासा गोंधळासारखा. भगत कंवरराम हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. १९३९ मध्ये रुक स्टेशनवर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली, पण त्यांची गाणी माणसांच्या तोंडी होती, म्हणून ती सीमा ओलांडून आली. मास्टर चंदर यांची गाणी आली. लग्नात ढोलकवर बायका म्हणतात ते 'लाडा' आले. चेटीचंड, झुलेलालचा बहराणा, त्यापुढची टिपऱ्यांची 'छेज' आणि पावसाळ्यातला चाळीस दिवसांचा चालिहो आला. १९५८ मध्ये 'अबाणा' हा सिंधी चित्रपट आला. त्याचा विषय हाच, सुटलेलं वाडवडिलांचं घर. पुढे हिंदीत गाजलेल्या साधना यांची ती सुरुवातीची भूमिका. त्या स्वतः कराचीत जन्मलेल्या.

यातली बहुतेक गाणी एकट्याने ऐकायची नाहीत. भगतला समोर गाव लागतं, लाड्याला दहा बायका लागतात, छेजला गोल लागतो. बराकीत एकेका कुटुंबाच्या मध्ये गोणपाटाचा किंवा चादरीचा पडदा. अशा ठिकाणी कोणी गाऊ लागलं की पलीकडच्याच्या कानावर पडणारच. एक शिकारपूरचा, दुसरा लाडकाण्याचा, तिसरा हैदराबादचा. सिंधमध्ये ज्यांची कधी गाठ पडली नसती ती माणसं इथे एका गाण्यात सामील झाली आणि त्यातून शेजार तयार झाला.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९९ च्या सुमारास, प्रॅक्टिस नवी असताना, कॅम्प चारमधल्या एका घरी मी व्हिजिटला जायचो. दादांना हार्ट फेल्युअर होतं. पाय सुजलेले, दम लागलेला. बरे असताना ते मला शिकारपूरच्या ढक बाजाराबद्दल सांगायचे. बाजारावर छप्पर असल्याने उन्हाळ्यातही तिथे कसं गार वाटायचं, आजोबांचं दुकान कोणत्या हाताला होतं, सगळं. पण शेवटच्या आजारात त्यांनी बोलणं सोडलं होतं. आठ दिवस तोंडातून शब्द नाही, जेवायला नकार. मी त्यांचं बीपी घेत होतो तेव्हा बाहेरच्या खोलीत नातीच्या लग्नाचे लाडा सुरू झाले. दादांच्या हाताची बोटं पलंगाच्या कडेवर ठेका धरू लागली. ओठ हलले. मग त्यांनी सुनेला हाक मारून चहा मागितला.

चमत्कार सांगत नाही. गाण्याने हार्ट फेल्युअर बरं होत नाही, महिन्याभरात दादा गेले. पण तो महिना ते माणसांत होते, जेवत होते, बोलत होते. माझी औषधं त्या दिवशी बदलली नव्हती.

आजचं विज्ञान काय म्हणतं?

थोडक्यात पाहू.

ओळखीचं गाणं ऐकलं की मेंदूच्या पुढच्या, मधल्या भागात (कपाळाच्या मागे) स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणी आणि संगीत यांची गाठ पडते. कॅलिफोर्नियातल्या पेत्र यानाता यांनी २००९ मध्ये हे मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं. रूसोच्या 'आठवणीच्या खुणे'चा हा मेंदूतला पत्ता. आवडत्या गाण्याने अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवतं, असं कॅनडातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं.

इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टन विद्यापीठात कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि सहकारी गेली वीसेक वर्षं नोस्टाल्जियाचा अभ्यास करत आहेत. त्यांचा निष्कर्ष होफरच्या उलट आहे. जुनी आठवण काढल्याने बहुतेक माणसांना आपण कोणाचे तरी आहोत ही भावना परत मिळते आणि एकटेपणा थोडा हलका होतो. तर ऑक्सफर्डमधल्या रॉबिन डनबार यांच्या गटाला असं आढळलं, की एकत्र गाणारी अनोळखी माणसं इतर उपक्रमांतल्या माणसांपेक्षा लवकर एकमेकांच्या जवळ येतात.

पण दुसरी बाजूही आहे. ज्याचा स्वभाव एकच दुःख घोळत बसण्याचा आहे किंवा ज्याला डिप्रेशन आहे, त्याने एकट्याने तीच ती उदास गाणी ऐकली तर मन आणखी खाली जाऊ शकतं.

म्हणजे स्विस अधिकारी अगदीच चूक नव्हते. गाणं जखमेला लागतं हे त्यांना दिसलं. पण बराकीत एकट्याला झुरू देण्यापेक्षा त्या सैनिकांना एकत्र गाऊ द्यावं, हे त्यांना सुचलं नाही, किंवा परवडणारं नव्हतं. कल्याण कॅम्पात ते आपोआप झालं.

मग त्या आईला मी काय सांगितलं?

दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन केला. "ताई, काल मी घाईत बोललो. गाणी बंद करू नका, पण हेडफोन काढायला सांगा." मग मुलाशीही बोललो. जे सांगितलं ते इथे देतो, तुमच्याही घरातलं कोणी पुण्यात, बंगळुरूत किंवा परदेशात असेल तर उपयोगी पडेल.

१. घराची ओढ लागणं हा दुबळेपणा नाही. घर सोडणाऱ्या बहुतेकांना ती थोडीफार लागते, आणि पहिल्या काही आठवड्यांनंतर सहसा हळूहळू कमी होते.

२. गाणं एकट्याने अंथरुणात पडून ऐकू नका. शक्य तिथे कोणाबरोबर म्हणा. तिथलं महाराष्ट्र मंडळ शोधा. लंडनचं १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. मंडळ नसेल तर शेजारच्या खोलीतला केरळी किंवा पंजाबी मुलगाही चालेल. त्याचं एक गाणं तुम्ही शिका, तुमचं एक त्याला शिकवा.

३. झोपायच्या आधीचा तास गाण्यांना देऊ नका. गाणं संध्याकाळी, स्वयंपाक करताना ऐका. ओवीबरोबर हात चालत होते हे विसरू नका.

४. घरच्यांनी दिवसातून दहा वेळा "जेवलास का?" विचारू नये. ठरलेल्या वेळी एक फोन पुरे. त्यात तिथली एखादी चांगली गोष्ट त्याला विचारा.

५. "नाही जमलं तर परत ये" हे वाक्य पहिल्याच महिन्यात रोज म्हणू नका. मनातला एक पाय कायम दारात राहतो. मात्र परतायची वेळ खरंच आली तर त्यात लाज नाही, हेही एकदा शांतपणे सांगून ठेवा.

डॉक्टरकडे कधी जायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज उदासी, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, वजन उतरतंय, अभ्यास किंवा काम थांबलंय, दारू किंवा इतर नशा वाढली आहे, अशी लक्षणं असतील तर ती नुसती घरची आठवण नाही. ते डिप्रेशन असू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत. जगण्यात अर्थ नाही असं कोणी एकदा जरी म्हणालं तरी थांबू नका, त्याच दिवशी मदत घ्या. भारतात 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे. परदेशात असाल तर विद्यापीठाची समुपदेशन सेवा किंवा तिथला तातडीचा क्रमांक वापरा. आणि धडधड, वजन उतरणं यांची शारीरिक तपासणी आधी करून घ्याच. सगळं मनावर ढकलणंही चूक आहे.

त्या मुलाची लक्षणं दोन आठवड्यांच्या वरची होती, म्हणून त्याला मी विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे पाठवलं. 'थांबा' असं सांगून मी आदल्या दिवशी हेच लांबवलं होतं. तो गेला. दर रविवारी घरी आरती होते तेव्हा व्हिडिओ कॉलवर तोही टाळ्या वाजवून म्हणू लागला. त्याच्या मजल्यावरचा एक मुलगा तबला वाजवणारा निघाला. दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत चार किलो वजन परत आलं. गणपतीत अजूनही डोळे भरतात म्हणतो. भरू देत.

जाता जाता एक विनंती, विशेषतः उल्हासनगरच्या वाचकांना. सिंधमध्ये जन्मलेली माझ्या ओपीडीतली पिढी आता जवळजवळ संपली आहे. तुमच्या घरात लाडा म्हणणारी आजी असेल, किंवा अंबरनाथ-बदलापूरला जात्यावरच्या ओव्या येणारी आजी असेल, तर या रविवारी तिच्याशेजारी बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि दोन ओळी तिच्याबरोबर म्हणून घ्या.

काळजी घ्या.